शुगर निघाल्यावर

मुंबईत मधुमेहाची तपासणी करायची म्हणून सहसा कुणी घराबाहेर पडत नाही. तो दुसऱ्याच कशात तरी सापडतो. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी रक्त काढलेलं असतं, मेडिक्लेम उतरवायचा असतो, पायाची जखम महिनाभर सुकत नसते. नाहीतर गणेशोत्सव मंडळाच्या आरोग्य शिबिरात, मांडवाशेजारच्या टेबलावर, फुकट आहे म्हणून बोट पुढे केलेलं असतं. मशीनवर २८० येतात. टेबलावरची मुलगी 'काका, उद्या उपाशीपोटी लॅबमध्ये करून घ्या हं,' म्हणते आणि मागच्या माणसाचं बोट हातात घेते.

मग उपाशीपोटीची, जेवणानंतरची आणि 'तीन महिन्यांची' असे तीन रिपोर्ट येतात. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त, आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ६.५ किंवा त्यावर, म्हणजे मधुमेह. कागद घेऊन माणूस डॉक्टरांकडे जातो. गिरगावात घरातल्या दोन-दोन पिढ्या बघितलेले फॅमिली डॉक्टर अजून आहेत. ते सांगतात: गोड बंद, भात कमी, रोज चालायचं, ही गोळी जेवणानंतर, तीन महिन्यांनी पुन्हा रिपोर्ट. यात चूक काहीच नाही. बाहेरच्या बाकावर पंधरा माणसं बसलेली असताना त्यांना याहून जास्त बोलता येत नाही; परळच्या केईएममध्ये, जिथे अख्ख्या महाराष्ट्रातून पेशंट येतात, तिथे तर नाहीच. पण तीन महिने म्हणजे सुमारे पावणेतीनशे जेवणं. ती जेवताना समोर डॉक्टर नसतो. या लेखाचा विषय ती पावणेतीनशे जेवणं आहेत, आणि ती निभावून नेताना कामी येणारी माणसं.

आकडे सगळ्यांनी कुठे ना कुठे वाचलेले असतात, म्हणून थोडक्यात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या इंडियाब या देशभरच्या पाहणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. देशात मधुमेही १० कोटी १० लाख, आणि उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटी ६० लाख. मुंबई महापालिकेने जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीने २०२१ मध्ये केलेल्या पाहणीत १८ ते ६९ वयाच्या मुंबईकरांपैकी १८ टक्क्यांची उपाशीपोटीची साखर वाढलेली निघाली. साधारण साडेपाच माणसांत एक. चाळीच्या एका मजल्यावर तीस मोठी माणसं धरली, तर पाच जणांना शुगर असणार. गंमत अशी की त्या पाचांपैकी प्रत्येकाला वाटत असतं, मजल्यावर आपण एकटेच आहोत.

चाळीत काही लपत नाही, असा आपला समज आहे. कुणाकडे सुकं भाजलं जातंय, कुणाची सून माहेरी जाऊन बसली आहे, हे गॅलरीतल्या शेवटच्या खोलीपर्यंत पोचतं. शुगर मात्र लपते. गोळ्यांची पट्टी देव्हाऱ्याखालच्या खणात राहते. औषध नाक्यावरच्या मेडिकलमधून न घेता दोन स्टेशनं पलीकडून आणलं जातं. मुलीचं लग्न जमायचं असतं, सिक्युरिटीच्या नोकरीतली नवी एजन्सी मेडिकल मागत असते, आणि हळदीकुंकवाला कुणी पेढा पुढे केला की 'मला चालत नाही' म्हणण्यापेक्षा तो तोंडात टाकणं सोपं वाटतं. घरी सांगितलेलं असतं, पण अर्धवट: 'बॉर्डरवर आहे'. बॉर्डरवर वर्षानुवर्षं राहणारी माणसं या शहरात पुष्कळ आहेत.

लपवण्याचं कारण लाज, आणि लाजेच्या मुळाशी अपराधाची भावना. टायफॉइड झालेल्याला कुणी 'काय केलंस म्हणून झाला?' असं विचारत नाही. शुगर निघाली की घरातलं पहिलं वाक्य असतं, 'गोड कमी खा म्हणून कितीदा सांगितलं होतं!' बाईच्या बाबतीत त्यात भर पडते: दिवसभर घरातच तर असतेस. ती घरात कधीपासून उभी असते, कुणाचं उरलेलं कोण संपवतं आणि रात्री किती वाजता जेवतं, हा हिशेब त्यात नसतो. आणि ज्याचं वजन ५५ किलो आहे, पोट सुटलेलं नाही, आयुष्यभर अंगमेहनत केली आहे, त्याला तर रिपोर्टच खोटा वाटतो. तो दुसऱ्या लॅबमध्ये जातो.

या माणसाला दाखवण्यासारखा एक फोटो आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो छापून आला. त्यात दोन डॉक्टर शेजारी-शेजारी उभे आहेत: पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचा अगदी सारखा, २२.३. कुणालाही बारीक म्हणावं असा. पण शरीरातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२. वरून सडसडीत दिसणाऱ्या भारतीय अंगात चरबी किती मुरलेली असते, ते एका फोटोत दिसलं. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रिया आणि त्यांची मुलं यांचा पाठपुरावा करत आले आहेत. इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा ही बाळं कितीतरी हलकी जन्मली. पण कमी पडलं होतं ते स्नायूंत, चरबी तेवढी कमी नव्हती. म्हणजे पोटात असताना आईला काय मिळालं, कदाचित आजीला काय मिळालं होतं, याचाही वाटा आज पन्नाशीत निघालेल्या शुगरमध्ये आहे. कोकणातल्या अर्धपोटी घरांतून गिरणीत आलेल्यांची नातवंडं लालबाग-परळमध्ये राहतात. त्यांच्या शुगरचा सगळा दोष चहातल्या साखरेवर टाकणं हे अडाणीपणाचं आहे आणि निष्ठुरही.

हे डॉक्टरनेही सांगायला हवं, काही सांगतातही. पण डॉक्टर हा शेवटी रिपोर्ट तपासणारा माणूस. त्याच्यासमोर पेशंट आदल्या आठवड्यात शहाण्यासारखा जेवून जातो आणि 'सगळं पाळतो' म्हणतो. तीन महिन्यांची चाचणी मात्र या आठवड्याभराच्या शहाणपणाने फसत नाही. आपण काय खाल्लं हे खरं सांगायचं, तर समोर स्वतः तसं खाल्लेला माणूस लागतो.

मधुमेहाच्या मनावरच्या या ओझ्याला वैद्यकात स्वतंत्र जागा मिळाली ती बरीच उशिरा. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ विल्यम पोलोन्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये वीस प्रश्नांची एक मोजपट्टी तयार केली. आजाराची चीड येते का, खाण्यावरून सतत मन खातं का, पुढे काय होईल याची भीती वाटते का, घरचे समजून घेत नाहीत असं वाटतं का, अशा तऱ्हेचे तिचे प्रश्न. ही अवस्था म्हणजे डिप्रेशन नव्हे. ती रोज उठून तेच तेच करावं लागण्याची दमणूक आहे, आणि तिच्यावर गोळी नाही.

गिरगाव चौपाटीवरून जाताना एक गोष्ट हटकून मनात येते. लोकमान्य टिळक मधुमेही होते. १९०८ मध्ये शिक्षा होऊन मंडालेला गेले तेव्हाही तो होताच, आणि तुरुंगात त्यांना पथ्याचं अन्न घ्यावं लागे. 'गीतारहस्य' लिहिणारा माणूस त्याच दिवसांत आपलं ताट सांभाळत होता. १ ऑगस्ट १९२० ला मुंबईतल्या सरदारगृहात ते वारले आणि चौपाटीवर त्यांचं दहन झालं. त्यानंतर एका वर्षात टोरांटोत फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांना इन्सुलिन सापडलं. ज्यांना 'बॉर्डरवर आहे' म्हणायची सवय आहे, त्यांनी चौपाटीवरच्या या मोठ्या शेजाऱ्याची आठवण ठेवायला हरकत नाही. त्यांच्या बाबतीत तरी 'फार गोड खाल्लं, दुसरं काय' असं म्हणण्याची कुणाची छाती होणार नाही.

*

असा स्वतः खाल्लेला माणूस भेटतो ती एक जागा म्हणजे दादरचं शिवाजी पार्क. कट्ट्याला धरून एक फेरी साधारण सव्वा किलोमीटरची. पहाटे साडेपाचपासून दादरकर इथे गोल फिरत असतात, आणि त्यातल्या निम्म्यांना डॉक्टरने पाठवलेलं असतं असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. फेऱ्या झाल्या की कट्ट्यावर बसणं. त्या बसण्यात मी जे ऐकत आलो, ते कुठल्याही पुस्तिकेत एका जागी मिळत नाही. कट्ट्याला कुणी 'आधारगट' वगैरे म्हणत नाही, पण काम तेच चालतं.

नवा माणूस दोन-तीन आठवडे नुसता ऐकतो. मग एक दिवस चाचरत विचारतो, 'गोळी सुरू झाल्यापासून पोट बिघडतं हो.' मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी सुरू केलेल्या अनेकांचं पहिले काही आठवडे पोट बिघडतं, जेवणाबरोबर घेतली की त्रास कमी होतो, बहुतेकांचा पुढे थांबतो. डॉक्टरने हे सांगितलेलंही असेल, पण 'शुगर आहे' एवढंच डोक्यात घुमत असताना कानावर पडलेलं नसतं. नाहीतर मग माणूस आपला आपण निष्कर्ष काढतो की औषध मानवत नाही, आणि पट्टी खणात पडून राहते. कट्ट्यावर चौघं म्हणतात, आम्हालाही झालं होतं. तेवढ्याने एक गोळी वाचते.

मग बारीकसारीक गोष्टी येतात. जेवणानंतरची शुगर दोन तासांनी बघायची, ती पहिल्या घासापासून मोजायची, हात धुतल्यापासून नाही. बोट मधोमध टोचायचं नाही, कडेला टोचायचं, कमी दुखतं. आंबा कापून हात न धुता तपासलं तर मशीन भलतंच दाखवतं. घरच्या मशीनच्या पट्ट्या महाग, म्हणून रोज एकदा उपाशीपोटी टोचून रडत बसण्यापेक्षा एक दिवस निवडायचा आणि एकाच पदार्थाच्या आधी आणि नंतर बघायचं: आज पोहे, पुढच्या आठवड्यात इडली. महिन्याभरात आपलं शरीर कशाला किती चढतं ते कळतं. मला विचाराल तर हा शेवटचा सल्ला सगळ्यात मोलाचा. आकडा म्हणजे परीक्षेचा मार्क, ही भीती त्याने जाते.

लालबाग-परळकडे प्रश्न भाताचा असतो. 'भात सोडा' हे मालवणी किंवा रत्नागिरीकडच्या घरात सांगणं म्हणजे जेवण सोडा असं सांगणं. महिनाभर सोडतात, मग शिमग्याला गावी जातात आणि परत येताना तीन किलो वाढून येतात. इथे दुसऱ्या बाईचा अनुभव उपयोगी पडतो. शेजारची काकी सांगते तिची युक्ती: आधी मासळी आणि भाजी, भात शेवटी आणि वाटीत मोजून, कढी ताटलीभर भातावर ओतण्याऐवजी वाटीने प्यायची. आणि नाचणीचा गैरसमजही तीच दूर करते. नाचणीची भाकरी चांगली म्हणून चार खाल्ल्या तर त्या चार भाकऱ्याच असतात. पिठाची साखर व्हायची ती होतेच. साबुदाण्याचंही तसंच. संकष्टी, मंगळवार, श्रावणी सोमवार, एकादशी धरून महिन्यात उपासाचे सात-आठ दिवस होणाऱ्या बाईला 'उपास आहे, काही खाल्लं नाही, तरी शुगर वाढली' याचं कोडं पडलेलं असतं. खिचडी हे 'काही न खाणं' नव्हे, हे तिला तिच्यासारखीच उपास करणारी बाई सांगते तेव्हा पटतं. आहारतज्ज्ञाने सांगितलं तर ती म्हणते, यांना काय कळतंय आमच्या देवाधर्मातलं.

दिवाळीत हाच घोटाळा चिवड्याचा. लालबागच्या चिवडा गल्लीत ऑक्टोबरात पाय ठेवायला जागा नसते. 'लाडू नको तर निदान चिवडा घे, चकली घे,' असं पाहुण्याला प्रेमाने म्हटलं जातं. चिवडा पोह्यांचा, चकली पिठाची आणि वर तेल. साखरेने चढत नाही ते याने चढतं. दादरच्या दुकानांत 'शुगर-फ्री' म्हणून विकली जाणारी मिठाई त्याहून कावेबाज. मावा, मैदा, तूप तेवढंच असतं, फक्त मन निर्धास्त होतं आणि दोनऐवजी पाच तुकडे जातात. त्यापेक्षा खरा बेसनाचा अर्धा लाडू जेवणानंतर चवीने खावा, असं माझं मत. अनुभवी मधुमेही बहुतेक तेच करतात.

काही गोष्टी जिवावरच्या असतात. गोळी किंवा इन्सुलिन घेऊन निघालेला माणूस दादरहून लोकलमध्ये चढतो, गाडी मध्येच थांबते, जेवणाची वेळ टळते, घाम फुटतो, हात थरथरतात, समोरचं नीट कळेनासं होतं. बाजूचे लोक दारू प्यायला असेल समजतात. साखर सत्तरच्या खाली गेली की तीन चमचे साखर, पंधरा मिनिटं थांबून पुन्हा तपासणी, गरज लागली तर पुन्हा तेवढीच. हा नियम पाठ हवा. पेढ्यापेक्षा नुसती साखर किंवा ग्लुकोज पावडर बरी, कारण पेढ्यातल्या स्निग्धाने साखर चढायला वेळ लागतो. हे लिहिणाऱ्याच्या पाकिटातही साखरेच्या पुड्या असतात.

आणि अनवाणी पाय. मंगळवारी परळ-लालबागहून प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाला चालत जाणारे कितीतरी. गणपतीत लालबागच्या राजाच्या नवसाच्या रांगेत तासन् तास उभे राहणारे तर हजारो. ज्याच्या तळपायाची संवेदना मधुमेहाने गेली आहे, त्याला काच घुसलेली कळत नाही, तापलेल्या डांबराचा चटका कळत नाही. पाय रक्ताने ओला दिसल्यावर किंवा घरी वास यायला लागल्यावर कळतं. देवाला चप्पल चालत नाही असं नाही, मंदिराच्या दारापर्यंत चालते. पण हे वाक्य उच्चारायचा अधिकार ज्याने अंगठा गमावला आहे त्याला जितका आहे, तितका दुसऱ्या कुणाला नाही. असा माणूस प्रत्येक वाडीत असतो. त्याला बोलतं करायला हवं.

*

एवढं सगळं झाल्यावर दुसरी बाजूही मांडली पाहिजे. ज्या कट्ट्यावर मेटफॉर्मिनचं शहाणपण मिळतं, त्याच कट्ट्यावर कारल्याच्या रसाने गोळ्या सुटल्याची कथा मिळते. मेथी, जांभळाच्या बिया, कुठल्याशा झाडाचं पाण्यात भिजवलेलं लाकूड, गावाकडून येणारी पुडी. सांगणारा खोटं बोलत नसतो. त्याने त्याच महिन्यात चालायलाही सुरुवात केलेली असते. आणि सगळ्यात घातक वाक्य: 'इन्सुलिन घेऊ नकोस, सवय लागते.' जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं, त्याआधी अशा मुलांना उपाशी ठेवून थोडे दिवस जगवणं एवढंच डॉक्टरांच्या हाती होतं. ज्याला गरज आहे त्याला इन्सुलिनची सवय लागते ती श्वासाची लागते तितपतच.

गेल्या काही वर्षांत मराठी घरांमध्ये समदुःखींचं सगळ्यात मोठं जाळं उभं राहिलं ते डॉ. जगन्नाथ दीक्षितांच्या मागे. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतून त्यांनी सूत्र घेतलं: दिवसातून दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांच्या आत, मधे काही नाही, आणि रोज पाऊण तास चालणं. गिरगावच्या सभागृहांपासून तालुक्याच्या शाळांपर्यंत त्यांची मराठी भाषणं झाली, व्हॉट्सअ‍ॅपवर हजारोंचे गट चालू झाले, आणि तिथे लोक आपले रिपोर्ट, वजनं, जेवणाच्या वेळा एकमेकांना कळवू लागले. यावर वाद पुष्कळ झाला. माझा कल असा: दोन जेवणांचं सूत्र सगळ्यांना लागू पडेल असं नाही, गोळ्या किंवा इन्सुलिनवर असलेल्याने डॉक्टरांना न विचारता जेवण गाळणं धोक्याचं आहे, साखर एकदम खाली येऊ शकते. पण या चळवळीने एक गोष्ट केली जी सरकारी पोस्टरने कधी केली नाही. बॉर्डरवर लपून बसलेला मराठी माणूस आपली एचबीए१सी चारचौघांत सांगायला लागला. वजन चांगलंच उतरवलं तर सुरुवातीच्या काळातला मधुमेह मागे हटू शकतो, हे तिकडे ब्रिटनमध्येही दिसलं आहे. २०१७ मध्ये आलेल्या डायरेक्ट चाचणीत, सहा वर्षांच्या आत निदान झालेल्या आणि वजन उतरवण्याच्या गटात असलेल्यांपैकी ४६ टक्के लोक वर्षभरानंतर औषधाशिवाय मधुमेहाच्या रेषेखाली होते. दुसऱ्या वर्षाअखेर ते प्रमाण ३६ टक्क्यांवर आलं. दोन्ही आकडे एकत्रच सांगावेत. गटांमध्ये पहिलाच फिरतो.

पेशंटनीच पेशंटसाठी उभं राहण्याची कल्पना नवी नाही. लंडनचे डॉ. आर. डी. लॉरेन्स स्वतः मधुमेही. इन्सुलिन वेळेवर पोचलं म्हणून १९२३ मध्ये वाचले. त्यांचा एक पेशंट म्हणजे कादंबरीकार एच. जी. वेल्स. या दोघांनी १९३४ मध्ये ब्रिटनची मधुमेही संघटना काढली. आपल्याकडे १९५५ मध्ये मुंबईतच डायबेटिक असोसिएशन ऑफ इंडिया स्थापन झाली. माहीमचं रहेजा रुग्णालय तिच्याच कामातून उभं राहिलं. दादरहून ते दोन-अडीच किलोमीटर, पण आजूबाजूच्या कितीतरी मधुमेह्यांना हा इतिहास माहीत नसतो.

याचा उपयोग होतो का, हेही तपासून झालं आहे. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत डॉ. मिशेल हायस्लर यांनी २४४ मधुमेही पुरुष निवडले. निम्म्यांना परिचारिकांकडून नेहमीची मदत. उरलेल्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या आणि आठवड्याला एकमेकांना फोन करायला सांगितलं. सहा महिन्यांनी जोडीवाल्यांची एचबीए१सी थोडी उतरली होती, दुसऱ्यांची थोडी चढली होती. फरक अर्ध्या टक्क्याहून जरा जास्त. मला त्यातला दुसराच आकडा बोलका वाटतो. परिचारिकांच्या गटात एकाने इन्सुलिन सुरू केलं, जोडीवाल्यांत आठ जणांनी. सुईची भीती सुई टोचणाऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर गेली. हे २०१० मधलं. केरळात मग मोठा प्रयोग झाला, ६० मतदान-क्षेत्रांत, हजारावर लोकांवर. त्यांना मधुमेह झालेला नव्हता, धोका होता. गावातल्याच माणसांनी गट चालवले. २०१८ मध्ये निष्कर्ष आले: दोन वर्षांत गटात नसलेल्यांपैकी १७.१ टक्क्यांना मधुमेह झाला, गटातल्यांपैकी १४.९ टक्क्यांना. संख्याशास्त्राच्या कसोटीवर हा फरक ठाम म्हणता येत नाही. भाज्या-फळं वाढली, दारू घटली, जगणं थोडं बरं वाटू लागलं, एवढं झालं. म्हणजे सोबत हे औषध नव्हे. ज्याचं औषध आणि ताट दोन्ही ठरलेलं आहे, पण हातून होत नाही, त्याला ती उपयोगी पडते.

*

परळच्या वाडिया बाल रुग्णालयाबद्दल दोन शब्द स्वतंत्र. इथे येणाऱ्या लहानग्यांचा मधुमेह वेगळा, टाइप १: शरीराची प्रतिकारशक्ती चुकून स्वतःच्याच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारते. आईने काय खाऊ घातलं याच्याशी त्याचा काडीचा संबंध नसतो, आणि पहिल्या दिवसापासून दिवसातून तीन-चार वेळा सुई लागते. आठ वर्षांच्या मुलीला हा आजार निघाला की आई कोसळते, आजी कुलदेवतेला नवस बोलते, आणि बाप मुलीच्या लग्नाचा विचार करायला लागतो, वीस वर्षं आधीच. अशा घराला तज्ज्ञ डॉक्टरइतकीच दुसऱ्या घराची गरज असते: जिथली मुलगी इन्सुलिन घेऊन कॉलेजात जाते, जिची आई सांगू शकते की शाळेच्या बाईंना काय लिहून द्यायचं, सहलीला डब्यात काय, फ्रीज नसेल तर चालू बाटली मातीच्या माठाजवळ कशी थंड ठेवायची आणि बर्फाला चिकटून का ठेवायची नाही. टाइप १ असलेल्या नूपुर लालवाणी यांनी सुरू केलेलं ब्लू सर्कल डायबिटीज फाउंडेशन अशाच सोबतीचं काम करतं. बाल मधुमेह्यांच्या आईबापांनी पहिल्या आठवड्यातच असं एखादं दार ठोठवावं. नवसाचा नारळ नंतर फोडला तरी चालेल.

गिरणगावात सोबतीची जागा आयती होती. बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत कुणी दिवसभर बसूच शकत नव्हतं. माणूस गॅलरीत, नाक्यावर, व्यायामशाळेत, भजनी मंडळात असायचा. आता तिथे टॉवर उभे राहतायत, आणि पाचशे चौरस फुटांचं, स्वतःचं संडास असलेलं घर हा त्या लोकांचा हक्कच होता. त्यावर कुणी उसासे टाकू नयेत. पण विसाव्या मजल्यावर दार लावून बसलेल्या सासूबाईंना जिना नाही, गॅलरी नाही, आणि शुगर आहे. जी सोबत आपोआप मिळायची ती आता कुणीतरी मांडून द्यावी लागणार.

आणि ते फार अवघड नाही. महापालिकेने २०२२ पासून वस्त्यावस्त्यांत 'आपला दवाखाना' सुरू केला आहे. तपासणी आणि औषध फुकट, त्यातले अनेक रात्री दहापर्यंत उघडे. पालिकेच्या रुग्णालयांत तिशीच्या पुढच्यांची शुगर आणि बीपी तपासायचे कोपरेही त्याच वर्षी सुरू झाले. तिथे डॉक्टर आहे, फार्मसी आहे, बाक आहेत. नाही ते एवढंच: आठवड्यातून एक ठरलेली संध्याकाळ, जेव्हा जुने आणि नवे मधुमेही त्या बाकांवर एकत्र बसतील, आणि तासाभरासाठी एक प्रशिक्षित नर्स किंवा आहारतज्ज्ञ, जी कारल्याच्या रसाची कथा निघाली की हसून मधे बोलेल. त्या नर्सशिवाय गट म्हणजे पुन्हा कट्टाच. याला नवी इमारत लागत नाही, टेंडर लागत नाही. गणेशोत्सव मंडळांनाही हे करता येईल; शिबिरात बोट टोचून ज्याला २८० सांगितलं, त्याचा नंबर लिहून घ्यावा आणि पुढच्या रविवारी मंडळातल्याच एखाद्या जुन्या मधुमेह्याने त्याला फोन करावा.

१४ नोव्हेंबर हा बँटिंग यांचा जन्मदिवस, जागतिक मधुमेह दिन; दिवाळीच्या मागेपुढे येतो. ज्यांना दहा-वीस वर्षं शुगर आहे त्यांनी या दिवाळीत फराळाला बोलावताना आपल्या मजल्यावर, आपल्या नात्यात यंदा कुणाची नव्याने निघाली आहे ते आठवावं, त्याला बाजूला घेऊन आपली गोळी कोणती ते आधी सांगावं, आणि मग त्याची विचारावी.